उजळणारा रंग आणि पेशीतील गंधक



१९६० च्या सुमारास मध्यमवर्गीय घरांत सणासुदीचे पांढरे कपडे धुतले म्हणजे शेवटच्या पाण्यात थोडेसे टिनोपाल मिसळण्याची रीत रूढ झाली होती. वर्तमानपत्रांत त्याच्या जाहिराती येत, आणि त्यांच्या तळाशी बडोद्याच्या सुहृद गायगी ह्या कंपनीचे नाव असे. टिनोपालच्या पाण्यातून काढलेला सदरा घरात साधाच पांढरा दिसे. पण अंगणात उन्हात आला की त्यावर निळसर झळाळी चढे, आणि कपडा अधिक स्वच्छ निघाला असे घरच्या मंडळींस वाटे. वस्तुतः मळ काढण्याची विद्या टिनोपालला ठाऊक नाही. सूर्यप्रकाशात डोळ्यांस न दिसणारे जे जंबुपार किरण असतात ते हे द्रव्य शोषून घेते आणि त्यांच्या मोबदल्यात निळा प्रकाश बाहेर टाकते. त्या निळ्या प्रकाशात कापडाचा पिवळेपणा लपतो, एवढेच. डाग असल्यास तो जागच्या जागी राहतो.

ही गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवलेली बरी. कारण पुढे जी हकीकत सांगावयाची आहे तिच्यातही प्रकाश हाच साक्षीदार आहे, आणि त्या साक्षीदाराची उलटतपासणी घेतल्यावाचून शास्त्रज्ञांचे भागत नाही.

एका जातीचा प्रकाश गिळून दुसऱ्या जातीचा प्रकाश परत देण्याच्या ह्या गुणास प्रतिदीप्ती म्हणतात. क्विनीनचे पाणी उन्हात धरले असता त्याच्या पृष्ठभागावर निळी झाक दिसते, हे जॉन हर्शेल ह्याने १८४५ साली नोंदविले. केंब्रिजचा गणितज्ञ जॉर्ज स्टोक्स ह्याने १८५२ साली त्याचा उलगडा केला आणि फ्लुओरस्पार नामक खनिजावरून ह्या गुणाला इंग्रजी नाव दिले. पुढे १८७१ साली जर्मनीत आडोल्फ फॉन बायर ह्याने फ्लुओरेसीन हा रंग बनविला. डोळ्याच्या पृष्ठभागावर ओरखडा आहे काय, हे पाहण्यासाठी नेत्रवैद्य आजही त्याच रंगाची पट्टी डोळ्यास लावतात. निळ्या उजेडात ओरखडा हिरवागार चमकू लागतो. अशाच गुणाचे, परंतु फार निराळ्या स्वभावाचे रंग आज जिवंत पेशींत सोडले जातात, आणि तेथे ते गंधकाचा माग काढतात. इंग्रजीत त्यांस प्रोब म्हणतात. येथे त्यांना शोधक रंग म्हणावे.

रंगाच्या विद्येशी बडोद्याचा संबंध टिनोपालपेक्षा पुष्कळ जुना. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर ह्यांनी १८९० साली तेथे कलाभवन उभे केले. रंगविणे, छापणे, रसायन, यंत्रकाम अशा विषयांचे शिक्षण देशी भाषांतून मिळावे हा गज्जरांचा आग्रह होता. चित्रपटांचे जनक दादासाहेब फाळके हेही कलाभवनाचेच विद्यार्थी. गज्जरांचे रसायनातील कौशल्य असे की, चाफेकर बंधूंनी १८९६ साली मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यावर डांबर ओतले, तेव्हा दगडाला धक्का न लावता तो डाग काढण्याचे काम अखेर गज्जरांनीच करून दाखविले. चाफेकरांचे काम श्रेष्ठ की गज्जरांचे, हा प्रश्न येथे नको. पुढे १९०७ साली बडोद्यात अलेंबिक कारखाना निघाला त्यातही गज्जरांचा हात होता. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, कलाभवन त्या विद्यापीठात सामील झाले, आणि १९५५ साली तेथे जीवरसायनाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. एकाच गावात रंगाऱ्याचे रसायन आणि सजीवांचे रसायन असे शेजारी नांदू लागले.

रंगाऱ्याचा मुख्य प्रश्न एकच असतो: रंग धाग्याला धरील की धुण्यात निघून जाईल? सुताला एक रंग धरतो, रेशमाला दुसरा, लोकरीला तिसरा. लोकरीत एक विशेष आहे. मेंढीची लोकर काय किंवा माणसाचा केस काय, जळू लागला की एक उग्र वास येतो, तो त्यातील गंधकाचा. हा गंधक सिस्टीन नावाच्या अमिनो आम्लात असतो. लोकर रंगविण्याच्या काही आधुनिक रंगांची रचनाच अशी केलेली असते की, रंगाचा रेणू लोकरीतील ह्या गंधकाला जाऊन कायमचा चिकटतो. गंधकाच्या टोकाशी एक हायड्रोजन असला म्हणजे त्या जोडीला थायॉल म्हणतात. ही जोडी फार उतावळी असते. योग्य रेणू समोर आला की ती त्याला धरते. शोधक रंगांचे सारे शास्त्र ह्या उतावळेपणावर उभे आहे.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे १४० ग्रॅम गंधक असतो. त्याचा बराच भाग प्रथिनांत गुंतलेला असतो; पण काही भाग लहान लहान रेणूंच्या रूपाने पेशींत मोकळा हिंडतो. त्यांतील प्रमुख ग्लुटाथायोन. ग्लुटामिक आम्ल, सिस्टीन व ग्लायसीन ह्या तिघांचा तो बनलेला असतो आणि हॉपकिन्स ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२१ साली त्याला हे नाव दिले. त्याची कामगिरी समजण्यास घरातील तापाच्या गोळीचे उदाहरण पुरे. पॅरासिटामॉल पोटात गेले की यकृतात त्याच्या थोड्या अंशाचे एक विषारी द्रव्य बनते. ग्लुटाथायोन आपल्या गंधकाने त्या द्रव्याला पकडून निकामी करतो, म्हणून ठरल्या मात्रेत गोळी निर्धोक असते. मात्रा बेसुमार झाली तर ग्लुटाथायोन संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. त्या वेळी रुग्णालयात जो उतारा देतात तो सिस्टीनचेच एक रूप असतो; त्यातून यकृत पुन्हा ग्लुटाथायोन तयार करते.

आता हा ग्लुटाथायोन कोणत्या पेशीत किती आहे आणि कोणत्या क्षणी कमी होत आहे, हे पाहावयाचे कसे? जुना मार्ग असा, की पेशी कुटून त्यांचा रस काढावा आणि परीक्षानळीत त्याची परीक्षा करावी. १९५९ साली एलमन ह्याने एक द्रव्य सुचविले. थायॉलशी गाठ पडताच ते पिवळे होते. ती परीक्षा आजही शिकविली जाते, व उत्तम आहे. परंतु पेशी फुटली की आतल्या गंधकाला हवा लागते आणि त्याचे रूप पालटू लागते. शिवाय लाखो पेशींचा रस एकत्र झाल्यावर हाती येते ती सरासरी. सगळ्या गावाची सरासरी कमाई कळली म्हणून कोणाच्या घरी चूल पेटली नाही ते कळत नाही. पेशी जिवंत ठेवून, तिच्या घरात डोकावून पाहण्याची गरज होती, आणि तेथे प्रतिदीप्त रंग उपयोगी पडला.

ह्यातली युक्ती साधी पण चतुर आहे. नुसता चकाकणारा रंग पेशीत सोडला तर पेशी सगळीच उजळेल व काहीच बोध होणार नाही. म्हणून रंगाच्या रेणूला असा एक तुकडा जोडतात की त्याची चकाकी दबून जावी. विहिरीतून पोहरा भरून निघाला, पण त्याला तळाशी भोक असेल तर काठावर येईपर्यंत तो रिकामा होतो. तसे ह्या रेणूचे होते: तो प्रकाश गिळतो, पण ती ऊर्जा जोडलेल्या तुकड्याच्या वाटेने गळून जाते आणि बाहेर उजेड पडत नाही. पेशीत थायॉल भेटला की दोहोंपैकी एक गोष्ट घडते. काही शोधकांत गंधक त्या तुकड्याला चिकटून भोक बुजवितो. काहींत तो तुकडाच कापून टाकतो. दोन्ही प्रकारांत पोहरा भरलेला वर येतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली काळोखात एकेक पेशी हिरवी, निळी किंवा तांबडी उजळू लागते.

एवढ्याने गंधक दिसला. पण कोणाचा गंधक? पेशीत ग्लुटाथायोनची गर्दी असते. सिस्टीन त्याच्या मानाने फारच थोडा. आणि होमोसिस्टीन हा तर सिस्टीनचा जुळा भाऊच. दोघांत फरक एका कार्बनचा व दोन हायड्रोजनांचा. ह्यांना वेगळे ओळखणे ही गेल्या पंचवीस वर्षांतील खरी झटापट आहे. अमेरिकेतील लुइझियाना विद्यापीठात स्ट्राँगिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली एक वाट दाखविली. सिस्टीन व होमोसिस्टीन ह्यांच्यापाशी गंधकाच्या जवळच एक नायट्रोजनही असतो. दोन्ही हातांनी रंगाचा एक विशिष्ट भाग धरून ते वलय पुरे करतात. ग्लुटाथायोनला हे जमत नाही, कारण त्याच्या सिस्टीनचा नायट्रोजन दुसऱ्या कामात अडकलेला असतो. पुढे त्याच गटाने २०११ साली वेळेचा उपयोग केला. दुसऱ्या एका रचनेत सिस्टीनचे वलय चटकन पुरे होते, तर होमोसिस्टीनला एक अणू अधिक सांभाळावा लागत असल्याने तो मागे रेंगाळतो. जुळ्या भावांचा चेहरा सारखा असला तरी चाल निराळी असते, आणि चालीवरून माणूस ओळखता येतो.

महाराष्ट्रातील श्रोत्यांनी ह्या होमोसिस्टीनकडे थोडे अधिक लक्ष द्यावे असे कारण आहे. शरीरात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी पडले की होमोसिस्टीनचा निचरा होत नाही आणि रक्तात तो साठतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातील, झोपडवस्तीतील व शहरी मध्यमवर्गातील मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील ६७ टक्क्यांत ब-१२ कमी आढळले आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेले. शहरी मध्यमवर्गात तर ब-१२ ची उणीव ८१ टक्क्यांत निघाली. ज्या वर्गाला आपल्या आहाराविषयी सर्वांत कमी शंका असते, त्याच वर्गात ही उणीव सर्वांत अधिक असावी, हे नजरेआड करण्याजोगे नाही. ब-१२ प्राणिज अन्नातूनच मिळते. शाकाहारी माणसाला दूधदुभते हाच मुख्य आधार. आजही अनेक प्रयोगशाळांत रक्तातील होमोसिस्टीन मोजताना त्याला आधी एक प्रतिदीप्त द्रव्य चिकटवितात व मग यंत्रातून त्याला इतरांपासून वेगळे काढतात. तेथे वेगळे काढण्याचे काम यंत्र करते. जिवंत पेशीत ते यंत्र नेता येत नाही, म्हणून ओळखण्याची जबाबदारी रंगालाच उचलावी लागते.

गंधकाचे आणखी एक रूप आहे, आणि त्याची कीर्ती चांगली नाही. हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. भूमिगत गटारात सफाईसाठी उतरलेल्या माणसांचे प्राण घेणाऱ्या वायूंत तो अग्रेसर आहे. वायू फार झाला की नाकाची संवेदनाच मरते आणि वास येईनासा होतो, ही त्याची विशेष क्रूरता. बडोद्याजवळ कोयली येथे १९६५ साली सुरू झालेल्या तेलशुद्धी कारखान्यासारख्या ठिकाणी खनिज तेलातील गंधक काढताना हाच वायू निर्माण होतो व त्याच्यावर कडक पहारा ठेवावा लागतो. असा हा विषारी वायू आपल्या मेंदूच्या पेशी स्वतःच अल्पांशाने तयार करतात आणि निरोप्यासारखा वापरतात, असे १९९६ साली जपानमध्ये आबे व किमुरा ह्यांनी दाखविले, तेव्हा पुष्कळांच्या भुवया उंचावल्या. परीक्षानळीत ह्या वायूची ओळख सोपी आहे. लेड ॲसिटेटचा कागद धरला की काळा पडतो. पण शिसे पेशीला मानवत नाही, आणि पेशीतील वायूचे प्रमाण तर इतके अल्प की वारीच्या गर्दीत एकाच ओळखीच्या माणसाला हुडकून काढण्यासारखे ते काम. २०११ साली अमेरिकेतील बर्कली येथे क्रिस्टोफर चँग ह्यांच्या प्रयोगशाळेने एक उपाय पुढे आणला. रंगाच्या रेणूवर तीन नायट्रोजनांची एक साखळी बसविली. ही साखळी ग्लुटाथायोनला फारशी दाद देत नाही, परंतु हायड्रोजन सल्फाइड तिचे क्षपण करतो आणि रंग चमकू लागतो. त्याच वर्षी इतरही प्रयोगशाळांतून असे शोधक बाहेर पडले व ह्या क्षेत्राला भरती आली.

त्या भरतीत आपल्याकडील संशोधकही मागे राहिले नाहीत. बडोद्याच्याच राज्यात, भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेत, आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, अमिताव दास ह्यांनी सिस्टीनसारख्या थायॉलांचे शोधक तयार केले. पुण्यातच २००६ साली स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत पिनाकी तालुकदार ह्यांच्या गटाने थायॉल ओळखणारे रंग बनविले, तर हरिनाथ चक्रपाणी ह्यांनी उलट दिशेने काम केले: पेशीत गेल्यावर हवा तेव्हा हायड्रोजन सल्फाइड सोडणारे रेणू त्यांनी घडविले. एकाने वायू सोडावा आणि दुसऱ्याच्या रंगाने तो पाहावा, अशी ही सोय आहे.

ह्या सगळ्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. क्षयाचे उदाहरण त्याला सांगता येईल. क्षयाच्या जंतूत ग्लुटाथायोन नसतो. त्याच्या जागी मायकोथायॉल नावाचे गंधकयुक्त द्रव्य असते. अमित सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी जेलीफिशच्या चमकणाऱ्या प्रथिनाला जंतूचेच एक प्रथिन जोडून, मायकोथायॉलच्या स्थितीप्रमाणे प्रकाश बदलणारा शोधक क्षयजंतूच्याच शरीरात बसविला, आणि ते काम २०१४ साली प्रसिद्ध झाले. माणसाच्या संरक्षक पेशीने गिळलेले जंतू सगळे सारखे नसतात, हे त्या प्रकाशात दिसले. काहींची गंधकाची ढाल शाबूत होती, आणि तेच औषधाला न जुमानता तग धरून राहत होते. सहा-सहा महिने औषध का घ्यावे लागते, ह्या जुन्या प्रश्नाचा एक धागा तेथे हाती लागला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतून २०१९ साली ह्याच गटाने पुढचे पाऊल टाकले: नेहमीच्या औषधांबरोबर मलेरियावरील क्लोरोक्वीन दिले तर उंदरांत व गिनीपिगांत ही तग धरण्याची शक्ती घटते, असे त्यांना आढळले. माणसावरील उपचार म्हणून ते अद्याप रूढ झालेले नाही, हे ध्यानात असावे. परंतु कुटलेल्या जंतूंच्या रसातून ही गोष्ट कधीच कळली नसती.

आता आरंभीच्या सदऱ्याकडे वळले पाहिजे. चमक दिसली म्हणून कपडा स्वच्छ झाला असे होत नाही, तसेच पेशी उजळली म्हणून गंधक मोजला गेला असेही होत नाही. शोधक पेशीच्या एका भागात अधिक शिरला आणि दुसऱ्यात कमी, तर तेवढ्यानेच एक भाग उजळ दिसतो. पेशीच्या काही कप्प्यांत आम्लता अधिक असते, आणि कित्येक रंगांची चकाकी आम्लतेने बदलते. पेशीच्या अंगच्या काही द्रव्यांना स्वतःचीच थोडी चमक असते. सर्वांत अवघड गोष्ट ही की, जो रंग गंधकाला कायमचा चिकटतो तो ज्याला मोजावयास आला त्यालाच खर्च करून टाकतो. धान्याची कोठी मोजण्यास आलेल्या कारकुनाने मोजलेले धान्य पोत्यात भरून न्यावे, तसा हा प्रकार. शिवाय एकदा उजळलेला रंग पुन्हा मावळत नाही. ग्लुटाथायोन नंतर कमी झाला तरी जुना उजेड तसाच राहतो.

ही अडचण ओळखून काही संशोधकांनी असे शोधक बनविले की जे गंधकाला धरतात आणि सोडतातही. २०१७ साली तोक्यो येथील उरानो ह्यांच्या गटाने आणि ह्यूस्टन येथील जिन वांग ह्यांच्या गटाने असे रंग प्रसिद्ध केले. ह्यांच्यात रंग उजळण्याऐवजी त्याच्या प्रकाशाचा वर्ण किंवा त्याचे प्रमाण बदलते; दोन प्रकाशांचे गुणोत्तर काढले की रंग किती शिरला ह्याचा हिशेब आपोआप वजा होतो. ग्लुटाथायोन उतरला की गुणोत्तर उतरते, चढला की चढते. रंगाऱ्याच्या दृष्टीने हा कच्चाच रंग. कलाभवनातील परीक्षकांनी तो नापास केला असता.

तथापि असे रंग अद्याप थोडे आहेत, आणि बहुतेक प्रयोगशाळांत एकदाच उजळणाऱ्या शोधकांवरच काम चालते. म्हणून तेथे एक शिस्त पाळतात. त्याच पेशी दोन बशांत घेतात. दुसऱ्या बशीत आधी असे एक द्रव्य घालतात की जे पेशीतील थायॉलांना धरून अडकवून ठेवते. मग दोन्ही बशांत शोधक रंग सारखाच सोडतात, सारखाच वेळ थांबतात, आणि खोलीतले दिवे मालवून सूक्ष्मदर्शकात पाहतात. पहिली बशी उजळली की संशोधक लगेच खूश होत नाही. तो दुसरी बशी भिंगाखाली सरकवितो. तिच्यातही पेशी चमकत असल्या तर सकाळपासूनचे काम बाद होते, आणि तेथे काळोख दिसला तरच पहिल्या बशीतले चित्र वहीत चिकटविले जाते.